पोलीस गाडीच्या माइकवरचा धवला

निवृत्त झालेल्या पोलिसाला दोन गोष्टी चिकटतात, गुडघेदुखी आणि सत्कार. गुडघ्यांना मी तेल चोळते. सत्काराला काय चोळायचं ते अजून मला कुणी सांगितलेलं नाही.

मध्यंतरी पनवेलमधल्या एका मंडळाची माणसं घरी आली. पुढे सचिव, कडक इस्त्रीचा कुडता आणि तुपात घोळलेलं बोलणं. मागे दोघं जण, माना डोलवायला आणलेले. कर्तबगार महिलांचा सत्कार करायचाय, पोलीस खात्यातून तुमचं नाव एकमताने आलं, असं सचिव म्हणाले. मग चहा येईपर्यंत त्यांनी मला माझ्याच नोकरीची माहिती दिली. साखळीचोरांची टोळी, गुटख्याचा टेम्पो, मंत्र्यांच्या दौऱ्याचा बंदोबस्त, प्रशस्तिपत्रक. माझ्या अभिमानाच्या क्षणांचे फोटो त्यांना हवे होते, मागच्या पडद्यावर दाखवायला. एखादं एन्काउंटर वगैरे झालंय का, असंही त्यांनी विचारलं, अगदी जेवण झालंय का विचारावं तसं. नाही म्हटल्यावर तिघांचेही चेहरे पडले.

मी म्हटलं, माझ्या अभिमानाचा क्षण वेगळाच आहे. त्याबद्दल मला प्रशस्तिपत्रक नाही, कारणे दाखवा नोटीस मिळाली होती. त्यांना ते गमतीचं वाटलं. सांगा ना मॅडम, म्हणत ते सोफ्यावर पुढे सरकले. मी गावाचं नाव घेतलं आणि सचिवांचं हसू जागच्या जागी आटलं. कारण त्या गावच्या गावकीचा पुढारी, ज्याच्यामुळे ती नोटीस निघाली, तोच या सत्काराचा प्रमुख पाहुणा होता. माझ्या खांद्यावर शाल तो घालणार होता. कार्यक्रमाचा हॉलही त्याचाच.

"जुनं कशाला उकरून काढायचं, मॅडम?" सचिव म्हणाले.

जुनं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बरीच वर्षं लोकांचे जबाब नोंदवलेत, त्यामुळे एक सांगते. एखादी गोष्ट जुनी झाली असं पहिल्यांदा म्हणतो तो माणूस नेहमी असा असतो, ज्याला त्यातलं काहीच सोसावं लागलेलं नसतं. ज्याने सोसलंय त्याला ती कालची वाटते. सचिवांना मी निरोप दिला, सत्काराला येईन म्हणाले. साखळीचोरांचा फोटोही दिला. पण सत्कारात काय झालं ते सांगण्याआधी ती गोष्ट इथे नीट लिहून ठेवते. गावाचं नाव लिहीत नाही. ते वाचून शेजारच्या गावांना हायसं वाटेल, आणि त्यांना हायसं वाटावं असं काही नाही.

तेव्हा मी सहायक निरीक्षक होते. उलव्याच्या बाजूला भरावाची कामं जोरात होती, मातीचे डंपर दिवसभर धावत. उलट्या बाजूने आलेल्या अशाच एका डंपरने रस्त्याच्या कडेला डबा खात बसलेल्या मजुराला चिरडलं. मजूर परमुलखातला, त्याच्यासाठी आरडाओरडा करायला इथे कुणी नव्हतं. संध्याकाळी एक ड्रायव्हर आपल्या पायाने ठाण्यात आला आणि हात जोडून म्हणाला, माझ्याकडून झालं. इतका सज्जन ड्रायव्हर मी पनवेल तालुक्यात कधी पाहिला नव्हता. दोन उलटे प्रश्न विचारल्यावर त्याला तो डंपर कुठल्या रंगाचा ते सांगता येईना.

डंपर होता पुढाऱ्याच्या पुतण्याचा. अपघातानंतर केबिनमधून उडी मारून पळाला तो पुतण्याच. त्याला पळताना पाहिलं ते रस्त्याकडेला सुकी मासळी विकणाऱ्या, त्याच गावच्या एका बाईने. बाई विधवा, घरात लग्नाला आलेली एकुलती मुलगी. मी जबाब घ्यायला बसले तेव्हा बाईने मला एकच विचारलं.

"मी बोलली तर आमाला काय होनार नाय ना?"

कायदा तुमच्या पाठीशी आहे, असं मी तिला सांगितलं. मग जे पाहिलं ते सगळं तिने सांगितलं. तोपर्यंत हे वाक्य मी कितीतरी लोकांना ऐकवलं असेल. पण तिच्यासारखा त्यावर विश्वास कुणी टाकला नव्हता.

पुतण्याला अटक झाली, जामीनही झाला. त्यानंतर गावकीची बैठक देवळाच्या सभामंडपात बसली. गावकी म्हणजे गावातल्या घरांची पंचायत. जत्रा, पालखी, लग्नकार्य, कुणी कुणाच्या दारी जायचं, सगळं तिथे ठरतं. आणि ठरवतात पुरुष. त्या बैठकीत काय झालं याचा पुरावा मला शेवटपर्यंत मिळाला नाही. दिसले ते परिणाम. दुकानदाराने बाईला मीठ संपलं म्हणून सांगितलं आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दिलं. शेजारणी तिला पाहिलं की दार लोटू लागल्या. पालखी तिच्या दारावरून न थांबता पुढे गेली. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मुलीला काढून टाकलं. वाळीत टाकायची ही जुनी रीत आता मोबाईलवरही आली होती.

बाईने हे सगळं निमूट सोसलं. ठाण्याची पायरी चढली ती मुलीचं लग्न तोंडावर आल्यावर. मुलगा कोन गावचा, त्याचा बाप सरळ माणूस. त्यालाही निरोप गेला होता, की सोयरीक मोडा. त्याने उलट निरोप पाठवला की आम्हाला मुलगी करायची आहे, तुमची गावकी करायची नाही. तेव्हा लग्न होणार होतं. अडलं होतं ते हळदीला.

आमच्या आगरी लग्नात धवले लागतात. धवला म्हणजे लग्नातलं गाणं, पण नुसतं गाणं नव्हे. इतरांकडे भटजीच्या मंत्रांना जो मान, तो आमच्याकडे धवल्याला. धवलारीण, म्हणजे धवले म्हणणारी बाई, मांडवात बसून देवांना एकेक करून हळदीचं आवतण देते. ती एक ओळ म्हणते आणि जमलेल्या बाया ती झेलतात, म्हणजे मागून म्हणतात. धवल्याशिवाय अंगाला लावलेली हळद म्हणजे आंघोळीआधीचं उटणं, असं आमच्या बाया मानतात. गावच्या धवलारणीने नाही म्हटलं होतं. शेजारच्या गावांतल्या दोघींनीही पाय दुखतात म्हणून कळवलं. दोघींचे पाय एकाच आठवड्यात कसे दुखू लागले, हे मला कळायला वेळ लागला नाही.

"दुकान नको, पालकी नको," बाई म्हणाली. "माजे पोरीला धवला पायजे. बिन धवल्याची सासरी गेली तर जलमभर तिला ऐकून घ्यावं लागंल."

तक्रार द्या, असं मी म्हटलं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध आपल्या राज्यात स्वतंत्र कायदा आहे. बाईने हात जोडले. गुन्हा नोंदवला तर हळदीच्या दिवशी मारामारी होईल, अशी तिला भीती होती. मी माझ्या साहेबांकडे गेले. साहेब वाईट नव्हते, फक्त बदलीची वाट बघत होते. आपण पोलीस आहोत, लग्नाचे कंत्राटदार नाही, असं ते म्हणाले आणि फाईलमध्ये डोकं घातलं. मी तिथेच उभी राहिले. मला त्यांना सांगायचं होतं की साहेब, ही बाई आपल्या शब्दावर बोलली. तिने तोंड मिटून घेतलं असतं तर आज तिच्या दारात पालखी थांबली असती. खोटं बोलणारा तो भाड्याचा ड्रायव्हर गावात उजळ माथ्याने फिरतोय आणि खरं बोलणारीच्या घरी मीठ नाही. मी हे सगळं बोलले. साहेबांनी बंदोबस्ताच्या अर्जावर सही केली. तेवढं तरी केलं.

मग मी गावात गेले. पुढाऱ्याने अगत्याने बसवलं, ताडगोळे पुढे केले. बहिष्कार? छे छे, मॅडम, आपण कुठल्या जमान्यात आहोत? कुणी कुणाच्या घरी जावं-न जावं ही ज्याची त्याची मर्जी. लोकशाही आहे. मी दारोदार विचारत फिरले आणि प्रत्येक दारात मला तीच मर्जी भेटली. दुकानदार म्हणाला मीठ खरंच संपलं होतं. बाया पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी चोर पकडले आहेत, दारू पिऊन कोयता उगारणाऱ्याचा हात धरलाय. पण न जाण्याला पकडायचं कसं? न बोलण्याला हातकडी घालायची कशी? संतापाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिथल्या कुणाला दिसू नये म्हणून मी काळा चष्मा लावला.

परतताना आईकडे जेवायला थांबले. माझं माहेर उरणच्या वाटेवर. बाप मिठागरात राबला, आता ते मिठागरही नाही आणि बापही नाही. आई धवलारीण. मी लहान असताना लग्नसराईत ती घरी क्वचितच असायची. पुढे हळदीला डीजे आले, भिंतीएवढे स्पीकर आले आणि तिला आवतणं येईनाशी झाली. आली तरी डीजेवाला दम खायला थांबला की तेवढ्यात दोन ओळी म्हणायच्या. एकदा तिच्या ओळीच्या मध्येच त्याने गाणं लावलं, तेव्हापासून तिने जायचं सोडलं. मी जेवता जेवता तणतणत होते. तिच्याकडे काही मागायला मी गेलेच नव्हते. तिने ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि हळद कधी आहे ते विचारलं.

मला लगेच कळलं. मी नको म्हटलं. ही गावं एकमेकांत सोयरी आहेत, उद्या आपल्या गावचे लोकही तुला वाळीत टाकतील, हे तिला स्पष्ट सांगितलं.

"मना वालीत टाकून काय करतील, बाय?" आई म्हणाली. "बोलनार नाय माज्याशी? बरंच हाय. दुपारची झोप तरी होईल."

हळद दुपारी ठेवली, उजेडात. मी, दोन महिला शिपाई, हवालदार आणि गाडीचा चालक असा आमचा बंदोबस्त. मांडवाचं सामान द्यायला जवळपास कुणी तयार नव्हतं, म्हणून कोनहून मुलाकडच्यांनी बांबू आणि उंबराची फांदी आणली. मोरा बंदरावरून बाईचे भाऊ-भावजय आले, बोंबील आणि कोलंबीची पाटी घेऊन. नवऱ्या मुलाची आत्या आली. बस्स. शंभर पानं उठावीत असा मांडव आणि त्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. हळद लावायला पाच सवाष्णी लागतात. भावजय आणि आत्या धरून दोन भरत होत्या. मी शिपाई मुलींकडे पाहिलं. दोघीही लग्न झालेल्या. त्यांनी काही न विचारता टोप्या काढून गाडीत ठेवल्या. पाचवी मी. आम्ही खाकीत हळद लावली. हवालदार म्हणाला, मॅडम, कुणीतरी समोरच्या गच्चीवरून फोटो काढतंय. मी म्हटलं, काढू दे, चांगला येईल.

मुलगी पाटावर मान खाली घालून बसली होती. रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. सगळं गाव शंभर पावलांवर होतं आणि एका घरातून भांड्याचाही आवाज येत नव्हता. आईने मांडवाच्या मेढीजवळ बैठक मारली आणि पहिली ओळ म्हटली. मग झेलणाऱ्यांसाठी थांबली. कुणी झेलली नाही. भावजय मोऱ्याची, आत्या कोनची, त्यांच्याकडची चाल निराळी. शिपाई मुलींपैकी एक सोलापूरची, दुसरी विदर्भातली. मी झेलली, पण माझा गळा गुन्हेगारांवर ओरडून फाटलेला. आईने पुन्हा ओळ म्हटली, पुन्हा थांबली. तिचा आवाज वयाने बारीक झालेला. तो मांडवाबाहेरही जात नव्हता. बाई भिंतीला टेकून उभी होती. तिने पदराचं टोक दातांत धरलं होतं, आणि मला माझंच वाक्य ऐकू यायला लागलं. कायदा तुमच्या पाठीशी आहे. कुठे होता कायदा? मांडवाबाहेर गाडीत बसला होता, इंजिन बंद करून.

मी उठले, गाडीपाशी गेले आणि चालकाला माइक मागितला.

"मॅडम, हा गाड्या बाजूला घ्या सांगायचा माइक आहे," हवालदार घाबरून म्हणाला.

मला ठाऊक होतं तो कशाचा आहे. नो पार्किंगमधल्या गाड्यांवर त्याच माइकवरून मी वर्षानुवर्षं खेकसले होते. चालकाने गाडी मांडवाला लावली, वायर जेमतेम मेढीपर्यंत पोचली. आईने माइक हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. मी बटण दाबून धरलं. आधी कानठळ्या बसवणारी कर्कश शीळ निघाली, गावातली सगळी कुत्री भुंकायला लागली, आणि त्यानंतर माझ्या आईचा आवाज गावावरून गेला. धवलारीण देवांना बोलावत होती. गावदेवीला ये म्हणत होती, समुद्राला ये म्हणत होती, मिठागराच्या राखणदाराला ये म्हणत होती. इतकी वर्षं डीजेने गिळलेला तो आवाज होता, आणि आता त्याच्यावर चढेल असा दुसरा आवाज गावात नव्हता.

ओळ संपली. आई थांबली. सवयीने थांबली, धवल्यात थांबायचंच असतं.

आणि कुठूनतरी, पलीकडच्या मोठ्या घराच्या परसदाराकडून, एका म्हातारीने ती ओळ झेलली. थरथरता आवाज, पण चालीत पक्का. आईने दुसरी ओळ म्हटली. तेव्हा दोन आवाज आले, मग चार. मग मला मोजता येईनात. उंबरठ्याच्या आत बसून, कडीवर हात ठेवून, चुलीपुढून, न्हाणीघरातून, त्या गावच्या बाया धवला झेलत होत्या. एकही दार उघडलं नाही. एकही बाई बाहेर आली नाही.

गावकीने काय काय बंद केलं होतं ते मला नंतर बाईनेच सांगितलं. तिच्या दारात जायचं नाही. तिच्या घरचं खायचं नाही. पाणी नाही, विस्तव नाही, हळदीला बोट लावायचं नाही. पुरुषांनी सभामंडपात बसून अगदी विचारपूर्वक सगळं ठरवलं होतं. आपल्याच घरात बसून धवला झेलायचा नाही, एवढं मात्र ठरवायचं राहून गेलं. बायांचं गाणं त्यांच्या हिशेबातच नव्हतं. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी ते धड ऐकलंच नव्हतं.

मुलीने मान वर केली. प्रत्येक आवाजाकडे ती वळून बघत होती आणि कोण ते ओळखत होती. ही शाळेतल्या मैत्रिणीची आई, ही आजीची मैत्रीण, ही दुकानदाराची बायको. मग ती ढसाढसा रडली, नवरीने हळदीला रडावं तशी. भिंतीला टेकलेली बाई हळूहळू खाली बसली आणि तीही झेलू लागली. आपल्याच मुलीच्या हळदीत तिला तोंड उघडायला गावाची परवानगी मिळाली होती.

देवळातून पुरुष बाहेर आले आणि रस्त्यात उभे राहिले. ओरडायचं कुणावर, हे त्यांना कळेना. ज्याच्या त्याच्या घरातूनच आवाज येत होता. शेवटी पुढारी माझ्यापाशी आला. हे काय चाललंय, मॅडम, असं त्याने विचारलं. मग त्याला आठवलं की कायदा त्यालाही वापरता येतो.

"हे ध्वनिप्रदूषण आहे," तो म्हणाला.

ज्याच्या मुलाच्या हळदीच्या डीजेमुळे आधीच्या वर्षी शेजारच्या म्हातारीला घर सोडून दोन दिवस मुलीकडे जाऊन राहावं लागलं, आणि ज्याच्या विरोधात आलेली तक्रार माझ्याच ठाण्यात दाबली गेली, तो माणूस मला ध्वनिप्रदूषण शिकवत होता. मी त्याला म्हटलं, लेखी द्या. मग मी बटण पुन्हा दाबून धरलं आणि शेवटच्या धवल्यापर्यंत सोडलं नाही. अंगठा दोन दिवस दुखत होता.

 परतताना गाडीत आई हळूच म्हणाली, पहिली ओळ झेलली ती पुढाऱ्याची आई. लहानपणी दोघी मिठागरात एकत्र राबल्या होत्या, लग्नांत एकत्र गायल्या होत्या, तो गळा तिला शंभरात ओळखता आला असता. "कोनाला बोलू नको," तिने मला बजावलं. "तिला त्या घरात राहायचं हाय." मी शब्द दिला.

त्याने खरंच लेखी दिलं, फोटोसकट. शासकीय वाहनावरील ध्वनिक्षेपकाचा खाजगी समारंभासाठी गैरवापर, आणि गणवेशात हळद लावणे. नोटिशीला मी दोन ओळींचं उत्तर दिलं. ध्वनिक्षेपक कायदा व सुव्यवस्थेसाठी वापरला. हळद लावताना टोपी काढली होती. साहेबांनी ते वाचून कपाळाला हात लावला. मला सक्त ताकीद मिळाली. साखळीचोर पकडल्यावर ज्यांनी माझ्याबरोबर फोटो काढून घेतले होते, तेच लोक ताकिदीच्या बातमीनंतर कॉरिडॉरमध्ये मला बघून मोबाईल बघायला लागले. बहिष्काराची लागण पोलीस ठाण्यातही होते, हे मला तेव्हा कळलं.

मुलगी कोनला सुखाने नांदतेय. बाईला दुकानात मीठ मिळू लागलं, दुकानदाराच्या बायकोनेच दिलं म्हणतात. आईला वाळीत कुणी टाकलं नाही. उलट त्या उन्हाळ्यात तिला इतकी आवतणं आली की तिची दुपारची झोप कायमची गेली. पुतण्याचा खटला मात्र अजून तारखांवर तारखा घेतोय. बाईने कोर्टात उभं राहून तेच सांगितलं जे मला सांगितलं होतं, एक शब्द न बदलता. अशा माणसांच्या जिवावर हा कायदा चालतो, आणि शाली पांघरतो आम्ही. आई आता नाही. पुढाऱ्याची आईही मागच्या वर्षी गेली.

तर सत्काराचा दिवस. हॉल भरलेला, एसी थंडगार, पडद्यावर मी आणि साखळीचोर. प्रमुख पाहुण्यांनी भाषण केलं. आमच्या गावाने पोलिसांना नेहमीच साथ दिली, मॅडम तर आमच्या घरच्याच, असं ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली आणि सचिवांनी माइक माझ्या हातात दिला. डोळ्यांनी ते मला विनवत होते.

मी सगळं सांगितलं. मीठ, पालखी, मर्जी, ताडगोळे, गाडीचा माइक, ध्वनिप्रदूषण. गावाचं नाव घेतलं नाही, पाहुण्यांकडे पाहिलंही नाही. हॉलमध्ये मागच्या बाजूला कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. पुढच्या रांगेतल्या बायांना मी कुणाबद्दल बोलतेय ते कळलं होतं, त्यांनी मान खाली घातली नाही. बोलणं संपवून मी माइक बंद केला. मग पाहुण्यांजवळ गेले. शेजारी बसलेल्या सचिवांनाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्यांना म्हटलं, त्या दिवशी पहिली ओळ झेलली ती तुमच्या आईने.

तो चिडेल असं मला वाटलं होतं. 

"आई कदी गायची नाय," तो म्हणाला. पहिल्यांदाच तो माझ्याशी घरच्या बोलीत बोलत होता. "आमी कदी ऐकलीच नाय तिला गाताना."

"आम्ही सगळ्यांनी ऐकली," मी म्हटलं, शाल काढून घडी केली, त्याच्या पुढ्यात ठेवली आणि खाली उतरले.